जखम ‘सुकायला’ हवी की ओलसर राहायला? मधुमेही पाय आणि हायड्रोजेलची गोष्ट

जखम बरी झाली हे सांगायला आपण मराठीत म्हणतो, ‘जखम सुकली’. ‘पाणी लागू देऊ नकोस’, ‘जरा उघडी ठेव, वारा लागू दे’, ‘खपली धरली, आता काळजी नाही’ ही वाक्ये प्रत्येक घरात ऐकू येतात. कोरडे म्हणजे बरे आणि ओले म्हणजे चिघळलेले, हे आपल्या भाषेनेच ठरवून टाकले आहे.

त्यामुळे मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेवर पारदर्शक, गार, पाणीदार जेल लावले जाताना नातेवाईक दचकतात. “डॉक्टर, ओली ठेवली तर पू नाही का होणार?” हा प्रश्न अजिबात चुकीचा नाही. वैद्यकशास्त्राला त्याचे नीट उत्तर १९६२ साली मिळाले. त्याच्यामागून दुसरा प्रश्न आला: जेलमध्येच जंतुनाशक औषध भरले तर? या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून हाती आलेले नाही. या दोन प्रश्नांचा इतिहास समजला, तर ‘नवीन जेल आले, आता पाय कापावा लागणार नाही’ अशा बातम्यांकडे कसे पाहायचे तेही कळेल.

मध, तूप आणि कापूस

मधुमेह्याची जखम लवकर भरत नाही, हे निरीक्षण फार जुने आहे. ज्यांचे व्रण कष्टाने बरे होतात अशा रुग्णांची यादी सुश्रुतसंहितेत आहे, आणि त्यात मधुमेही आहेत. याच ग्रंथात व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि मध-तुपाचा वापर वारंवार येतो. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसमध्येही जखमेवर मध, चरबी आणि धाग्यांचा बोळा ठेवायला सांगितले आहे.

मधात काय विशेष? तो दाट असल्यामुळे जखमेवर टिकून राहतो. त्यातली साखर इतकी तीव्र असते की जंतूंच्या शरीरातले पाणी ओढले जाते. शिवाय मधाखाली जखम कोरडी पडत नाही. म्हणजे चिकटून राहणारा, ओलावा धरणारा आणि जंतूंना आवरणारा थर माणसाला अनुभवाने सापडला होता. (मधुमेह्यांनी घरातला मध जखमेवर लावावा, असा याचा अर्थ नाही. दवाखान्यात वापरला जाणारा मध निर्जंतुक केलेला असतो.)

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायाच्या उघड्या अस्थिभंगावर कार्बोलिक आम्लाची पट्टी ठेवली आणि तो पाय वाचला. १८८० मध्ये जोसेफ गॅमगी यांनी दोन जाळीदार कापडांमध्ये शोषक कापूस घालून पट्टी तयार केली. जंतूंना ओलावा आवडतो, मग जखम कोरडी ठेवा, स्राव शोषून घ्या, हा विचार रूढ झाला. कापूस आणि गॉज ही जखमेच्या उपचाराची ओळखच बनली.

औषध जखमेत टिकत का नाही?

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या जखमा शेतातल्या मातीने भरलेल्या असत. वायुकोथाने, म्हणजे गॅस गँगरीनने, माणसे पटापट दगावत. रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी सोडियम हायपोक्लोराइटचे ०.५ टक्के तीव्रतेचे सौम्य द्रावण तयार केले. जंतू मारायला ते उत्तम होते, पण जखमेत गेल्यावर त्याचा जोर लवकर संपे. म्हणून फ्रान्समधल्या कॉम्पिएन्य येथील रुग्णालयात शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेल जखमेत बारीक रबरी नळ्या ठेवत आणि त्यांतून दर दोन तासांनी ताजे द्रावण सोडले जाई.

या खटाटोपामागचे कारण महत्त्वाचे आहे. औषध होते, पण ते पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ जखमेत ठेवायचे साधन नव्हते.

त्याच युद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग (पेनिसिलिनचा शोध अजून बरीच वर्षे दूर होता) यांनी काचेच्या परीक्षानळीला पोकळ काटे जोडून जखमेची प्रतिकृती तयार केली. नळी जंतुनाशकाने कितीही धुतली, तरी काट्यांच्या टोकांत जंतू जिवंत राहत. खऱ्या जखमेतही असेच कोनेकोपरे असतात. दुसरीकडे, ही तीव्र द्रावणे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारत होती. म्हणजे औषध जंतूंपर्यंत पोहोचले पाहिजे, तिथे टिकले पाहिजे, आणि बऱ्या होणाऱ्या पेशींना इजा करता कामा नये. पुढच्या शंभर वर्षांचे संशोधन या तीन अटींभोवती फिरत राहिले.

इन्शुलिन आले आणि पायांचा प्रश्न पुढे आला

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तोपर्यंत अशा मुलांचा मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. इन्शुलिनने ती माणसे जगू लागली, वर्षानुवर्षे मधुमेहासह जगू लागली, आणि मग दीर्घकाळच्या साखरेचे परिणाम दिसू लागले. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९३४ मध्ये मधुमेही गँगरीनच्या संकटावर लेख लिहिला. मधुमेही बेशुद्धीने होणारे मृत्यू घटत होते, गँगरीनचे वाढत होते. पायांची निगा राखली तर यातले बरेच टाळता येईल, असे त्यांचे ठाम म्हणणे होते.

पाय का बिघडतात, याचा मोठा धागा मिळाला भारतात, आणि तोही वेगळ्याच आजारातून. तमिळनाडूतल्या वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करत होते. कुष्ठरोगाने बोटे ‘झडतात’, मांस ‘सडते’, असा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की मांसात दोष नसतो. वेदना जाणवत नसल्यामुळे माणूस जखमी पायावर चालत राहतो आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून व्रण होतो. पाय प्लास्टरमध्ये नीट बसवून दाब वाटून दिला, की तीच जखम भरून येते. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कारव्हिल येथे गेले आणि हेच तत्त्व मधुमेह्यांच्या बधिर पायांना लागू झाले. दाब काढून घेणे हा आजही या व्रणांवरचा पायाभूत उपचार आहे.

डुकराच्या पाठीवरची उथळ जखम

१९६२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जॉर्ज विंटर यांचा छोटा लेख आला. त्यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही हवेला उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पडदा चिकटवला. उघड्या जखमांवर आपल्या आवडीची छान कोरडी खपली आली. पण झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली! पुढच्याच वर्षी माणसांच्या त्वचेवरही असाच परिणाम नोंदवला गेला.

कारण सोपे आहे. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेकडून सरकत सरकत मध्यभागी येतात. ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. खपली धरली की त्यांना कोरड्या थराखालून वाट खणत जावे लागते. कोरडे गॉज वाईटच. ते जखमेला चिकटते आणि रोज ओढून काढताना नवी त्वचाही सोबत घेऊन येते.

इथे ‘ओलसर’ आणि ‘ओलीचिंब’ यांतला फरक लक्षात ठेवा. ओलसर म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागासारखी. पाण्यात बुडालेली किंवा स्रावाने थबथबलेली नव्हे.

प्रागमधले जेल

आता गोष्ट डोळ्याकडेच वळते. १९५२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टरले आगगाडीने प्रवास करत होते. शेजारच्या प्रवाशाच्या हातातल्या नेत्रवैद्यकाच्या मासिकात डोळ्यासाठीच्या धातूच्या कृत्रिम भागाची जाहिरात होती. धातूपेक्षा शरीराला मानवेल असे मऊ प्लास्टिक का नको, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. १९६० मध्ये त्यांनी आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी ‘नेचर’मध्ये शरीरात वापरता येतील अशा पाणीप्रेमी जेलवर लेख लिहिला. १९६१ च्या नाताळात विख्टरले यांनी घरी मुलांच्या जोडखेळाचे तुकडे आणि सायकलच्या दिव्याचा डायनॅमो जोडून एक यंत्र बनवले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या.

हेच हायड्रोजेल. घरातले उदाहरण हवे असेल तर सब्जाचे बी पाण्यात टाकून पाहा. काही मिनिटांत त्याच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत थर फुगतो. लांब रेणूंच्या जाळ्यात पाणी अडकून बसते, म्हणून ते वाहूनही जात नाही आणि पूर्ण घनही होत नाही. औषधी हायड्रोजेलमध्ये असेच जाळे असते आणि त्यात बहुतांश पाणीच असते.

ओलावा हवा हे विंटर यांनी दाखवले होते, ओलावा धरून ठेवणारा पदार्थ प्रागने दिला होता. दोन्ही धागे एकत्र येऊन १९८० च्या दशकात हायड्रोजेलची ड्रेसिंग्ज बाजारात रुळली. पोलंडमध्ये लॉज येथील यानुश रोशियाक यांनी किरणोत्साराने जेल तयार करण्याची पद्धत विकसित केली. किरणांनी रेणूंचे जाळे विणले जाते आणि त्याच फटक्यात ड्रेसिंग निर्जंतुकही होते. आपल्याकडे मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून अशीच किरणोत्सारी पद्धतीची हायड्रोजेल ड्रेसिंग्ज विकसित केली. अशा ड्रेसिंगमध्ये किरणोत्सार शिल्लक राहत नाही, त्यामुळे त्याची भीती नको.

जेलमधून औषध

जाळ्यात पाणी अडकते, मग पाण्यात विरघळलेले औषधही अडकेल आणि हळूहळू बाहेर पडेल, हे ओघानेच आले. पहिले प्रयोग १९७० च्या सुमारास पुन्हा डोळ्यावरच झाले. काचबिंदूचे औषध पिलोकार्पिन मऊ लेन्समध्ये भिजवून डोळ्यात ठेवले गेले. थेंब अश्रूंबरोबर वाहून जातो, लेन्समधले औषध रेंगाळते. डेकिन-कॅरेल यांच्या नळ्यांना हे साधे उत्तर होते.

मधुमेही पायात या कल्पनेला विशेष महत्त्व आहे. गोळी किंवा इंजेक्शनमधले प्रतिजैविक रक्तातून जखमेपर्यंत जाते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर रक्तच कमी पोहोचते, मग औषध तरी कसे पोहोचणार? शिवाय जखमेवरचे जंतू एकटे नसतात. ते चिकट आवरणाखाली वस्ती करून राहतात. या आवरणाला बायोफिल्म म्हणतात. त्याखालचे जंतू नेहमीच्या मात्रेला सहसा दाद देत नाहीत. जखमेतच जास्त तीव्रतेचे औषध ठेवता आले आणि बाकी शरीराला त्याचा त्रास झाला नाही, तर किती बरे!

१९८० च्या दशकात स्टार्चच्या बारीक मण्यांत आयोडीन बांधलेले औषध वापरात आले. मणी जखमेतला स्राव शोषून फुगतात, जेल बनतात आणि फुगताना आयोडीन थोडे थोडे सोडतात. (थायरॉइडचा आजार असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.) पुढे चांदीयुक्त जेलही आली.

डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत बेकाप्लेर्मिन या जेलला मान्यता मिळाली. त्यात जंतुनाशक नव्हते. पेशींना वाढायला सांगणारे प्रथिन होते. २० आठवड्यांत जखम पूर्ण भरण्याचे प्रमाण नुसत्या जेलने ३५ टक्के, तर या जेलने ५० टक्के होते. फायदा खरा होता, पण मर्यादित. २००८ मध्ये जास्त ट्यूब वापरणाऱ्यांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंबद्दल ठळक इशारा वेष्टनावर आला. अधिक माहिती जमल्यावर २०१८ मध्ये तो काढला गेला. पण त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. वाढीचे प्रथिन नसतानाही, नुसते जेल आणि नीट देखभाल एवढ्यावर तिसऱ्या हिश्शाहून अधिक जखमा भरल्या होत्या.

२०१६ चे दोन धडे

१९८७ मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांना प्रश्न पडला होता. प्रयोगशाळेतल्या आफ्रिकी बेडकांवर शस्त्रक्रिया करून त्यांना टाके घालून गढूळ पाण्यात सोडले, तरी त्यांच्या जखमा चिघळत कशा नाहीत? बेडकांच्या त्वचेत त्यांना जंतुनाशक प्रथिनांचे छोटे तुकडे सापडले. हिब्रू भाषेतल्या ‘ढाल’ या अर्थाच्या शब्दावरून त्यांना ‘मॅगेनिन’ असे नाव दिले. त्यावरून पेक्सिगॅनन हे मलम तयार झाले, खास मधुमेही पायाच्या सौम्य संसर्गासाठी. १९९९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. पुन्हा मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१६ च्या शेवटी निकाल लागला: औषध नसलेल्या मलमापेक्षा ते सरस ठरले नाही. त्याच सुमारास जेंटामायसिन हे प्रतिजैविक भरलेल्या कोलॅजेनच्या स्पंजच्या मोठ्या चाचण्याही अपयशी ठरल्या.

ही दोन्ही रूढ अर्थाने हायड्रोजेल नव्हती, पण ‘औषध थेट जखमेत’ ही कल्पना तीच होती. प्रयोगशाळेत दोन्ही औषधे जंतू मारत होती. मग रुग्णांत फरक का दिसला नाही? चाचणीत भाग घेणाऱ्या सगळ्यांच्या जखमांची नियमित देखभाल होत होती. ज्यांना खरे औषध मिळाले नाही तेही त्या देखभालीने बरे होत होते. चांगल्या देखभालीवर आणखी भर घालणे अवघड असते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: मधुमेही पायाच्या संसर्गात पोटातून किंवा शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकाला जोड म्हणून जखमेवर प्रतिजैविक लावू नये, आणि केवळ जखम भरावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये.

‘हुशार’ जेल आज कुठे आहेत?

१९७८ मध्ये अमेरिकेत तोयोइची तानाका यांनी दाखवले की परिस्थितीत किंचित बदल झाला तरी काही जेल एकदम आकसतात. तिथून ‘परिस्थिती ओळखणारी’ जेल बनवण्याची शर्यत सुरू झाली. आम्ल-अल्कतेत बदल झाला की औषध सोडणारी, साखर वाढली की सैल होणारी, जंतूंच्या विकराने उघडणारी अशी कितीतरी जेल आज प्रयोगशाळेत आहेत. बातम्या येतात त्या बहुधा यांच्याच.

अशी बातमी वाचताना एक प्रश्न विचारा: प्रयोग कोणावर झाला? बहुतेक प्रयोग उंदरांवर असतात. उंदराची त्वचा सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. आपली जखम बऱ्याच अंशी नवी त्वचा येऊन भरते. डुकराची त्वचा आपल्या त्वचेच्या जवळची आहे, म्हणून विंटर यांच्या प्रयोगाला एवढे वजन होते. दुसरे म्हणजे, उंदराला औषधाने मधुमेह करून काही आठवड्यांत जखम केली जाते. पंधरा वर्षांचा मधुमेह, बधिर तळवे, अरुंद धमन्या आणि अनवाणी चालणे त्या उंदराच्या वाट्याला आलेले नसते.

आपल्यासाठी याचा अर्थ

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह्यांपैकी दर शंभरात १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधीतरी पायाची जखम होऊ शकते. म्हणून हा इतिहास व्यवहारात उतरवू या.

साध्या हायड्रोजेलचे काम ठरलेले आहे. कोरड्या, चिवट मृत थर असलेल्या जखमेला ते ओलावा देते आणि तो थर सुटायला मदत करते. फार स्राव येणाऱ्या जखमेवर ते चालत नाही, कारण भोवतालची त्वचा भिजून पांढरी पडते. रक्तपुरवठा नसलेले काळे, कोरडे बोट तर मुद्दाम कोरडेच ठेवावे लागते. तिथे आजीचे ‘सुकू दे’ बरोबर ठरते! म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली ट्यूब आणून स्वतः लावू नका.

महागडे जेल लिहून दिले असेल, तर त्याआधी पुढच्या गोष्टी झाल्या का ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा:

१. पायातली नाडी आणि रक्तपुरवठा तपासला का?
२. मृत भाग काढून जखम स्वच्छ केली का?
३. जखमेवरचा दाब काढण्यासाठी प्लास्टर, खास बूट किंवा दुसरी सोय केली का?
४. संसर्ग हाडापर्यंत गेला आहे का? प्रतिजैविक पोटातून किंवा शिरेतून लागणार आहे का?
५. साखर आटोक्यात आहे का?

या पाचांची उत्तरे नीट असतील, तर जेल सोबतीला कामाचे आहे. ती नसतील, तर कोणतेही जेल तो पाय वाचवणार नाही.

लाली पसरत असेल, दुर्गंधी, ताप किंवा काळसरपणा दिसत असेल, किंवा साखर अचानक वाढली असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. वेदना नाही म्हणून निश्चिंत राहू नका. मधुमेही पायात न दुखणे हीच मोठी धोक्याची खूण असू शकते. आणि जखम नसतानाही रोज रात्री झोपण्यापूर्वी तळवे पाहा. वाकता येत नसेल तर आरशात पाहा, किंवा घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा.